एकूण आकडा पुरेसा नाही
जामनेरच्या एखाद्या घरात लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, कागद आला आणि एकूण कोलेस्टेरॉल १९० दिसलं, की ते २०० च्या आत आहे म्हणून सगळे निर्धास्त होतात. हे समाधान फसवं असू शकतं. समजा त्याच कागदावर एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, ३२ आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, २४० आहे. एकूणातून एचडीएल वजा केलं की १५८ उरतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचू शकणारं कोलेस्टेरॉल ते हेच, आणि ते साधारणपणे १३० च्या आत हवं. अशी उदाहरणं आपल्याकडे विरळ नाहीत: महाराष्ट्रही ज्यात होता त्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले सुमारे १४ टक्के होते, तर एचडीएल कमी असलेले ७२ टक्के.

शेवभाजीवरच्या तर्रीत कोलेस्टेरॉल नसतंच, असं कुणी म्हणेल. खरं आहे, वनस्पती तेलात ते नसतं. पण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, आणि जादा उष्मांक, साखर, मैदा, दारू यांनी ट्रायग्लिसराइड चढतं. उपाशीपोटी गेलो नाही म्हणून तपासणी वाया गेली, ही भीतीही बहुतेक वेळा अनाठायी. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं, तर मात्र उपाशीपोटी पुन्हा तपासावं. मधुमेह असलेल्यांना किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना १३० ची मर्यादा लागू नाही. त्यांची मर्यादा अधिक कडक असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.