राज्यपालांचे घर : परळच्या मठापासून लोकभवनापर्यंत

ठाणे - कोपरीतून ठाणे स्थानक गाठून धीम्या लोकलने मुंबईकडे निघालेले चाकरमाने रोज परळ ओलांडतात. तेथील हाफकिन संस्थेची जुनी वास्तू शंभराहून अधिक वर्षे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

मूळचा हा पोर्तुगीज धर्मगुरूंचा मठ. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तो ताब्यात घेतला. 1771 च्या सुमारास गव्हर्नर विल्यम हॉर्नबी तेथे राहावयास गेले. पुढे परळचा परिसर गिरण्या आणि दाट वस्तीने वेढला गेला. जानेवारी 1882 मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे कॉलऱ्याने निधन झाले आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार पॉइंटला मुक्काम हलविला. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. 1899 मध्ये डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा परळच्या रिकाम्या वास्तूत आली. रोगामुळे सोडलेले घर रोगनिवारणाचे केंद्र झाले. पुण्यातील गणेशखिंडीचे गव्हर्नर निवासस्थानही 1949 पासून विद्यापीठाच्या सेवेत आहे.

मलबार पॉइंटची निवड अकस्मात झाली नव्हती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी 1819-20 च्या सुमारासच तेथे बंगला उभारला होता. तीन बाजूंनी समुद्र आणि सुमारे 50 एकरांचा परिसर, अशी ही जागा. त्यात हिरवळी आहेत, फुलबागा आहेत आणि मोरांचा वावर असलेली दाट झाडीही आहे. इमारतींनी गजबजलेल्या दक्षिण मुंबईत एवढे अखंड हिरवे क्षेत्र दुर्मिळच. श्रीगुंडी देवीचे मंदिरही याच आवारात आहे.

दीर्घकाळ सामान्यांना बंद असलेले हे आवार अलीकडे हळूहळू खुले झाले. 2016 मध्ये तेथे 13 खोल्यांचे ब्रिटिशकालीन भुयार सापडले आणि 2019 मध्ये त्यात संग्रहालय सुरू झाले. 2022 मध्ये क्रांतिकारकांचे ‘क्रांतिगाथा’ दालन त्यात साकारले. पूर्वनोंदणी करणाऱ्या नागरिकांसाठी परिसरदर्शनाचीही सोय करण्यात आली.

2025 च्या अखेरीस राजभवनाचे नाव ‘लोकभवन’ झाले. सुरक्षेच्या मर्यादा असणारच. मात्र जुन्या दोन वास्तू लोकांच्या उपयोगी पडल्या त्या गव्हर्नर तेथून गेल्यावर. राज्यपाल राहत असतानाच हे उद्यान लोकांचे होते का, यावरच नव्या नावाची सार्थकता ठरेल.