बॅकअपच्या पुनर्स्थापनेनंतर डिरेक्टरी सर्व्हरमध्ये उद्भवणारे लॉगदोष : कारणमीमांसा व निवारण

सारांश

शैक्षणिक संस्थांतील संगणक जाळ्यात वापरकर्त्यांची ओळख डिरेक्टरी सर्व्हरवर साठविलेली असते. हा सर्व्हर बंद पडल्यावर बॅकअप परत बसविला जातो. परंतु फाईली जागेवर असूनही सर्व्हर सुरू होत नाही आणि डाटाबेसच्या लॉगसंबंधी दोष दर्शवितो. प्रस्तुत लेखात ओपनएलडॅप या सर्व्हरचा बर्कले डीबी या डाटाबेसच्या संदर्भात विचार करून या दोषांची कारणे, त्यांच्या निवारणाचा क्रम आणि बॅकअपच्या योग्य पद्धती यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : डिरेक्टरी सर्व्हर, एलडॅप, बर्कले डीबी, लॉग, बॅकअप, पुनर्स्थापना

१. प्रस्तावना

महाविद्यालयातील प्राध्यापक सकाळी प्रयोगशाळेतील संगणकावर आपले नाव व पासवर्ड टाकतो, ग्रंथालयाची प्रणाली उघडतो, ई-मेल पाहतो. या सर्व ठिकाणी त्याची ओळख पटविण्याचे काम बहुधा एकाच डिरेक्टरी सर्व्हरकडे असते. म्हणूनच हा सर्व्हर बंद पडला की एक सेवा बंद न पडता सर्वच सेवांचे दार बंद होते. अशा वेळी बॅकअप हाच आधार असतो. मात्र बॅकअप असणे आणि तो उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर कोठे निर्माण होते, हे समजून घेण्यासाठी डाटाबेसची अंतर्गत रचना पाहणे आवश्यक ठरते.

२. डिरेक्टरी सेवा व तिचा डाटाबेस

डिरेक्टरी सेवेचे एक्स.५०० हे प्रमाण १९८८ साली प्रसिद्ध झाले. ते वापरास जड असल्याने अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एलडॅप हा सुटसुटीत प्रोटोकॉल विकसित करण्यात आला. त्याची तिसरी आवृत्ती १९९७ साली प्रमाणित झाली, आणि मिशिगनच्याच सर्व्हरच्या आधारे १९९८ साली ओपनएलडॅप हा मुक्त स्रोत प्रकल्प सुरू झाला.

ओपनएलडॅप आपल्या नोंदी दीर्घकाळ बर्कले डीबी या डाटाबेसमध्ये ठेवत असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत जन्मलेला हा डाटाबेस पुढे स्लीपीकॅट सॉफ्टवेअर या कंपनीने विकसित केला व २००६ साली ती कंपनी ओरॅकलने विकत घेतली. या रचनेत सर्व्हरच्या डाटाबेस फोल्डरमध्ये तीन प्रकारच्या फाईली आढळतात. पहिला प्रकार प्रत्यक्ष डाटाबेसच्या फाईलींचा. यात मूळ नोंदी, नावांची रचना व निरनिराळ्या सूची असतात. दुसरा प्रकार लॉग फाईलींचा. त्यांना ०००००००००१ पासून चढते क्रमांक असतात. तिसरा प्रकार ‘__डीबी.००१’ अशा नावांच्या फाईलींचा. चालू सर्व्हरच्या स्मृतीतील सामायिक भागाचे हे प्रतिबिंब होय. यांशिवाय ‘डीबी_कॉन्फिग’ ही मांडणीची फाईल असते. लॉग कोठे ठेवायचा, स्मृती किती वापरायची हे तीत लिहिलेले असते.

३. लॉगचे कार्य : रोजकीर्द आणि खातेवही

लॉगचे कार्य वाणिज्य शाखेतील परिचित उदाहरणाने स्पष्ट करता येते. व्यापारी प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहितो व नंतर खातेवहीत त्याची खतावणी करतो. खातेवहीत रकमेशेजारी रोजकीर्दीचा पान क्रमांक लिहिलेला असतो. डाटाबेसच्या फाईली म्हणजे खातेवही आणि लॉग म्हणजे रोजकीर्द. बदल प्रथम लॉगमध्ये सुरक्षित लिहिला जातो, मगच तो डाटाबेसच्या पानावर उतरतो. वीज गेल्यामुळे खतावणी अर्धवट राहिली, तरी रोजकीर्द पाहून ती पूर्ण करता येते. जो व्यवहारच पूर्ण झाला नव्हता, तो रद्द करता येतो.

रोजकीर्दीच्या पान क्रमांकासारखाच येथे लॉग अनुक्रमांक असतो. त्याचे दोन भाग पडतात : लॉग फाईलचा क्रमांक आणि त्या फाईलमधील स्थान. डाटाबेसच्या प्रत्येक पानावर, त्यात शेवटचा बदल ज्या लॉग नोंदीमुळे झाला तिचा अनुक्रमांक कोरलेला असतो. पान डिस्कवर लिहिण्यापूर्वी त्या अनुक्रमांकापर्यंतचा लॉग डिस्कवर पोहोचला आहे की नाही, याची खात्री डाटाबेस करून घेतो. प्रस्तुत विषयातील बहुतेक दोषांचे मूळ या एका नियमात आहे.

४. पुनर्स्थापनेनंतरचे प्रमुख दोष

(अ) लॉगचा शेवट मागे पडणे : सर्वाधिक आढळणारा दोष हाच होय. बॅकअपमधून केवळ डाटाबेसच्या फाईली परत आणल्या जातात, लॉग मात्र आणला जात नाही. सर्व्हर सुरू होताच नवा लॉग पहिल्या फाईलपासून तयार करतो. उदाहरणार्थ, पानावरील अनुक्रमांक ३/४५२० असतो आणि नव्या लॉगचा शेवट १/२८ येथे असतो. खातेवहीतील रक्कम जुन्या वहीच्या पानाचा दाखला देते, पण दुकानात वही नवी कोरी आहे, अशी ही स्थिती. डाटाबेस मग ‘अनुक्रमांक लॉगच्या चालू शेवटापलीकडचा आहे’ असा संदेश देतो आणि चुकीच्या लॉग फाईली काढून टाकल्या गेल्या असाव्यात अथवा दुसरीकडील डाटाबेस आणला गेला असावा, असेही सुचवितो. अनेकदा सर्व्हर सुरू होतो, वाचनही सुरळीत चालते आणि पहिला बदल लिहिताना दोष प्रकट होतो. त्यामुळे पुनर्स्थापना यशस्वी झाल्याचा आभास निर्माण होतो.

डिस्क भरली म्हणून लॉग फाईली हाताने पुसून टाकल्यासही हाच परिणाम होतो. ‘लॉग’ या नावामुळे त्या केवळ घडामोडींच्या टिपणांच्या फाईली आहेत असा समज होतो. वस्तुतः त्या डाटाबेसचाच भाग असतात. कोणत्या लॉग फाईलींची गरज संपली आहे, हे सांगण्यासाठी ‘डीबी_आर्काइव्ह’ ही स्वतंत्र आज्ञा उपलब्ध आहे.

(आ) पुनर्प्राप्तीची मागणी : ‘घातक दोष, पुनर्प्राप्ती चालवा’ अशा आशयाचा संदेश आल्यास डाटाबेसने आपली स्थिती अविश्वसनीय मानलेली असते. चालू सर्व्हरच्या ‘__डीबी’ फाईली बॅकअपसोबत उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवल्यासही असे घडू शकते.

(इ) आवृत्तीतील विसंगती : बॅकअप घेताना बर्कले डीबीची एक आवृत्ती आणि पुनर्स्थापनेच्या वेळी दुसरी असल्यास सर्व्हर ते वातावरण उघडण्यास नकार देतो. दुरुस्तीच्या आज्ञाही सर्व्हर ज्या आवृत्तीशी जोडलेला आहे तिच्याच असाव्या लागतात.

(ई) मालकी हक्कातील चूक : प्रशासकाने सर्वाधिकारी खात्यातून फाईली परत ठेवल्यास त्यांची मालकी त्या खात्याकडे जाते. सर्व्हर मात्र मर्यादित अधिकाराच्या खात्यातून चालत असल्याने त्याला त्या उघडता येत नाहीत. हा दोष साधा आहे, परंतु त्याची तपासणी प्रथम न केल्यास सुस्थितीतील डाटाबेसवर अनावश्यक दुरुस्ती केली जाते.

५. निवारणाची क्रमवार पद्धती

पहिली पायरी : सर्व्हर पूर्णपणे थांबवावा आणि आहे त्या स्थितीतील संपूर्ण फोल्डरची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवावी. दुरुस्तीचा प्रत्येक प्रयत्न फाईली बदलतो; मूळ स्थिती हातची गेल्यास पुढचे मार्ग बंद होतात.

दुसरी पायरी : मालकी हक्क, डिस्कवरील मोकळी जागा, ‘डीबी_कॉन्फिग’मध्ये दर्शविलेले लॉगचे ठिकाण आणि बर्कले डीबीची आवृत्ती तपासावी. लॉग वेगळ्या डिस्कवर ठेवलेला असून बॅकअपमधून सुटला होता, असे अनेकदा येथेच उघड होते.

तिसरी पायरी : डाटाबेस व लॉग दोन्ही उपलब्ध असल्यास ‘डीबी_रिकव्हर’ ही आज्ञा चालवावी. सामान्य पुनर्प्राप्ती अलीकडील चेकपॉइंटच्या आधारे काम करते व ती वीज गेल्यासारख्या प्रसंगी पुरेशी असते. बॅकअपमधून आणलेल्या फाईलींसाठी मात्र ‘सी’ हा पर्याय देऊन उपलब्ध सर्व लॉग आरंभापासून वाचणारी आपत्कालीन पुनर्प्राप्ती करावी लागते. त्यासाठी बॅकअपच्या काळापासूनचे लॉग सलग असणे आवश्यक आहे. चेकपॉइंटनंतर जुने लॉग आपोआप काढून टाकण्याची सोय चालू असेल, तर ही सलगता राहत नाही.

चौथी पायरी : लॉग गमावलेच असतील, तर डाटाबेसच्या फाईली कशा घेतल्या होत्या, हा निर्णायक प्रश्न ठरतो. सर्व्हर रीतसर थांबवून घेतलेल्या फाईली स्वयंपूर्ण असतात. त्यांच्या प्रतीवर ‘डीबी_लोड’ या आज्ञेतील अनुक्रमांक पूर्ववत करण्याचा पर्याय वापरता येतो. चालू सर्व्हरवरून घेतलेल्या फाईलींतील पाने मात्र वेगवेगळ्या क्षणांची असू शकतात. त्यांचे अनुक्रमांक पुसल्याने तक्रार थांबते, विसंगती तशीच राहते. अशा वेळी ‘स्लॅपकॅट’ने जितक्या नोंदी वाचता येतील तितक्या एलडीआयएफ या मजकूर स्वरूपात काढाव्यात, त्यांची संख्या व आशय तपासावा आणि रिकाम्या फोल्डरमध्ये ‘स्लॅपॲड’ने नवा डाटाबेस उभारावा. हे काम सर्व्हर थांबवूनच करावे व शेवटी फाईलींची मालकी पुन्हा पाहावी.

६. एकाहून अधिक सर्व्हर असताना

प्रतिकृती असलेल्या व्यवस्थेत डाटाबेस सुरू झाला म्हणजे काम संपले असे होत नाही. दुय्यम सर्व्हर जुन्या बॅकअपवरून उभा केला, तर तो मुख्य सर्व्हरकडून नंतरचे बदल घेऊ शकतो. मुख्य सर्व्हरच जुन्या स्थितीवर गेला, तर मात्र दुय्यम सर्व्हर त्याच्यापेक्षा पुढे असतो आणि ओपनएलडॅप तशी सूचना देतो. बॅकअपनंतर बदललेले पासवर्ड जुने होतात. संस्था सोडून गेलेल्या व्यक्तीचे काढून टाकलेले खाते पुन्हा जिवंत होते. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. म्हणून सुस्थितीतील प्रतिकृती उपलब्ध असल्यास जुन्या बॅकअपपेक्षा तिच्यावरून एलडीआयएफ काढून मुख्य सर्व्हर उभारणे इष्ट ठरते.

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतही हीच समस्या वेगळ्या रूपात आढळते. डोमेन कंट्रोलरची डिस्क जशीच्या तशी जुन्या स्थितीवर नेल्यास बदलांचे क्रमांक मागे जातात आणि अन्य कंट्रोलर त्याचे नवे बदल आधीच मिळालेले समजून वगळतात. आभासी यंत्रांवर हा धोका अधिक असल्याने विंडोज सर्व्हर २०१२ पासून त्यावर संरक्षक व्यवस्था आली.

७. नव्या रचनेतील स्थिती

ओपनएलडॅपने २०११ साली एलएमडीबी हा नवा डाटाबेस आणला. त्यात जुने पान न खोडता बदल नव्या पानावर लिहिला जातो. त्यामुळे वेगळा लॉगच नसतो आणि पुनर्प्राप्तीचीही गरज पडत नाही. २०२१ साली आलेल्या २.५ या मालिकेतून बर्कले डीबीचा आधार काढून टाकण्यात आला. याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. ज्या संस्थेकडे बर्कले डीबीच्या फाईलींचेच बॅकअप आहेत, तिला ते नव्या सर्व्हरवर वाचता येणार नाहीत. जुनी आवृत्ती चालू असतानाच त्यांचे एलडीआयएफमध्ये रूपांतर करून ठेवणे आवश्यक आहे.

८. निष्कर्ष

पुनर्स्थापनेनंतरचे लॉगदोष बहुतांशी बॅकअप घेतानाच पेरले जातात. डाटाबेस व लॉग ही एकाच वस्तूची दोन अंगे असल्याने चालू सर्व्हरच्या फाईली घ्यावयाच्या असल्यास प्रथम डाटाबेस व नंतर लॉग असा क्रम पाळावा. क्रम उलटल्यास पानांवरील अनुक्रमांक लॉगच्या पुढे जातात. याच्या जोडीला ‘स्लॅपकॅट’द्वारे एलडीआयएफ नियमित काढावी, कारण ती आवृत्ती व यंत्ररचना यांवर अवलंबून नसते. तीत पासवर्डची सांकेतिक रूपे असल्याने ती सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी ठेवू नये. आणि प्रत्येक सत्रात एकदा तरी तो बॅकअप वेगळ्या यंत्रावर बसवून, एक नोंद वाचून व एक नोंद बदलून पाहावी. लिहिण्याची कसोटी उतरल्याशिवाय पुनर्स्थापना पूर्ण झाली असे मानता येत नाही.