खिशातल्या फोनवरचा धडा

अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 मधलं, म्हणजे इ. स. 1060 चं. पुस्तकातल्या छापील चित्रात ते सगळं एकदम दिसतं. पण मोबाइल घेऊन बाहेरच्या भिंतीवरची एकेक मूर्ती जवळून टिपली, की दगडाची झीजसुद्धा मुलांना दिसते. बदलापूरच्या शिक्षकाला उल्हास नदीचं जुलैतलं आणि एप्रिलमधलं पात्र शेजारी शेजारी ठेवून दाखवता येईल. भूगोलासाठी याहून चांगलं साधन मला तरी सुचत नाही.

असा व्हिडिओ करताना चित्र जरा हललं तरी चालतं, आवाज मात्र स्वच्छ हवा. साधा कॉलर माइकही पुष्कळ फरक पाडतो, कारण तो तोंडाजवळ राहतो आणि रस्त्यावरचे हॉर्न मागे पडतात. फोन आडवा धरावा, फ्लाइट मोडवर टाकावा. एका व्हिडिओत एकच मुद्दा. तीन-चार मिनिटं पुरेत.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आपल्या व्हिडिओचा असा कोड कुणालाही फुकट तयार करून मुलांच्या वहीत चिकटवता येतो. पण घरात एकच फोन आणि तोही सकाळच्या लोकलने मुंबईला गेलेला, अशी घरं अंबरनाथ-बदलापूरकडे असतातच. त्यांच्यासाठी फाइल लहान करून मेमरी कार्डवर शाळेतच ठेवावी. उल्हासनगरच्या वर्गात घरी सिंधी किंवा हिंदी बोलणारी मुलं असतील, तर सावकाश बोलावं आणि महत्त्वाचे शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत.