पेलेट-भट्टी इंधन घेईनाशी झाली असतां

पऱ्हाटी म्हणजे चुलीचें सरपण, किंवा धुऱ्यावर पेटवून द्यावयाचा केर, एवढीच तिची ओळख आपल्या वऱ्हाडांत फार दिवस होती. आतां तिचा भुगा करून व तो यंत्रांत दाबून ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या आखूड कांड्या बनवितात. त्यांस व्यापारांत पेलेट म्हणतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें (स्थापना १९२४) आपल्या नागपूर येथील केंद्रांतून पऱ्हाटीचे पेलेट व ब्रिकेट करण्याच्या रीतीचा प्रसार केला आहे. दर हेक्टरीं सुमारें २ ते ३ टन पऱ्हाटी निघते, हें लक्षांत घेतलें म्हणजे अमरावती व अकोला या कापसाच्या जिल्ह्यांस या मालाचें महत्त्व किती आहे तें निराळें सांगावयास नको.

यांत केवळ पैशाचाच प्रश्न आहे असें नाहीं. २०१७ सालीं शेंदरी बोंडअळीनें विदर्भांत जो अनर्थ केला, त्याची आठवण प्रत्येक कास्तकारास आहे. वाळलेल्या पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत ही अळी दडून बसते. म्हणून पऱ्हाटी शेतांत उभी ठेवूं नये, कीं गोठ्यालगत रचूं नये. पण गिऱ्हाईक असेल तरच ती वेळेवर हलेल. आणि पेलेट जाळणाऱ्या खवेवाल्याची वा खानावळवाल्याची भट्टी बिनतक्रार चालली तरच गिऱ्हाईक टिकेल. भट्टी दोनदां बंद पडली कीं तो मनुष्य पुन्हां गॅसकडे वळतो. यास्तव भट्टी इंधन घेईनाशी झाली तर काय करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम रचना समजून घेऊं. पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीनें पुढें चालविलेली ‘ऊर्जा’ नांवाची शेगडी २००६ पासून महाराष्ट्रांत घरोघर गेली होती. तींत पेलेट हातानेंच भरीत, त्यामुळें अडकण्याचा प्रश्न नव्हता. कच्चा माल व त्याबरोबर पेलेट महागले, म्हणून तिचा घरगुती व्यवहार थांबला. याच्या उलट अमेरिकेंतील ओरेगन प्रांतांत ट्रेगर कुटुंबानें १९८० च्या दशकांत जी भाजण्याची शेगडी काढली, तींत इंधन आपोआप पुढें ढकलणारें मळसूत्र होतें. आजच्या स्वयंचलित भट्ट्यांचें तत्त्व तेंच आहे. वर पेलेटचें चाडें, त्याखालीं नळींत फिरणारें मळसूत्र, तें हळूहळू फिरविणारी मोटर, पुढें छिद्रांचें अग्निकुंड आणि त्यास वारा देणारा पंखा, इतकेंच तिचे अवयव. आपल्या तिफणीशीं ताडून पाहिलें तर हें सहज कळेल. चाड्यांतील बीं नळींत अडकलें म्हणजे तास रिकामें जातें. त्याचप्रमाणें येथें नळी तुंबली म्हणजे विस्तव विझतो.

आतां तपासणीचा क्रम. महसूल खात्यांत वादाचा निकाल देण्यापूर्वीं मौका पाहण्याची रीत असे. तीच येथें चालवावी. ऐकीव कारणावर मोटर बदलूं नये. सर्वांआधीं वीज तोडावी, बटण बंद करून न थांबतां प्लगच काढावा, आणि भट्टी पूर्ण निवूं द्यावी. मळसूत्रांत हात किंवा बोट कधींही घालूं नये.

पहिली पाहणी चाड्याची. चाडें वरून भरलेलें दिसतें, परंतु पुष्कळदां तळाशीं पोकळी झालेली असते. पेलेट एकमेकांस अडकून त्यांची कमान बनते व खालीं कांहींच उतरत नाहीं. लांकडी काठीनें ती कमान मोडली कीं काम भागतें.

दुसरी पाहणी पेलेटची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. एक कांडी हातांत घेऊन मोडावी. कोरडी असेल तर ती कट् असा आवाज करून तुटेल. ओल असेल तर वांकेल किंवा चुरडेल. एक कांडी पाण्याच्या पेल्यांत टाकली तर ती थोड्याच वेळांत फुगून तिचा पुन्हां भुगा होतो. पावसाळी हवेंत हेंच नळीच्या आंत घडतें, आणि तो फुगलेला भुगा वाळून दगडासारखा बसतो. म्हणून अडकलेलें मळसूत्र सुटावें यासाठीं नळींत पाणी ओतणें हा उपाय नसून घातच होय.

आमच्या परिचयाच्या एका खवा करणाऱ्या गृहस्थाची भट्टी ऐन श्रावणांत, कढईंत दूध असतां थांबली. कारागिरानें मोटर जळाल्याचें सांगितलें. चाडें रिकामें करून पाहतां तळाशीं चार बोटें ओला चुरा घट्ट बसलेला निघाला; तो खरवडून काढल्यावर त्याच मोटरनें पुन्हां काम केलें. नव्या मोटरचे पैसे वांचले, परंतु त्या दिवसाचें दूध मात्र गेलें.

तिसरी पाहणी मोटर व पिन यांची. चाडें रिकामें करून क्षणभर वीज द्यावी व बाहेरूनच पाहावें. मोटर फिरते, पण मळसूत्र स्थिर, असें दिसल्यास दोहोंस जोडणारी पिन तुटली असें समजावें. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट जसा मुद्दाम नरम ठेवितात, तशीच ही पिन यंत्र वांचविण्यासाठीं स्वतः तुटते. तिच्या जागीं कठीण पोलादी खिळा ठोकणाऱ्यास पुढच्या खेपेस दांत्यांचा डबाच बदलावा लागतो. मोटर घुमते पण फिरत नाहीं, तर नळी तुंबली आहे किंवा विजेचा दाब कमी आहे. खेड्यांत संध्याकाळीं दुसरें कारण नेहमींचें. मोटर अगदींच मुकी असेल तर फ्यूज, वायर व नियंत्रक जाणत्या विद्युत्-कारागिराकडून तपासावीं. उष्णता मोजणाऱ्या सळईवर काजळी बसली तरीही कांहीं भट्ट्यांचें मळसूत्र थांबतें. ती कोरड्या फडक्यानें पुसावी.

नळी तुंबलीच असेल तर पुन्हां प्लग काढून पिन व मोटर सोडवावी. मग पान्यानें मळसूत्र उलट फिरवून बाहेर ओढावें, नळी कोरडी खरवडावी, आणि मळसूत्राचे फेरे झिजले वा वांकले आहेत काय तें पाहावें.

शेवटची पाहणी अग्निकुंडाची. साध्या लांकडाच्या भुश्यापेक्षां पऱ्हाटीची राख अधिक. तिच्यांतील पोटॅश उष्णतेनें वितळून खंगर बनतो व वाऱ्याचीं छिद्रें बुजतात. मग विस्तव पुढें न जळतां नळींतून मागें चाड्याकडे सरकूं लागतो, आणि यांतूनच आग लागण्याचें भय असतें. म्हणून राख रोज काढावी. विझलेल्या भट्टींत हातानें मूठ-मूठ पेलेट टाकून ती पेटविण्याचा प्रयत्नही करूं नये. सांचलेला धूर एकाएकीं भडकतो. कुंड रिकामें करूनच नव्यानें पेटवावें. बंद खोलींत तर ही भट्टी केव्हांही चालवूं नये, कारण तिच्या विषारी वायूस वास नसतो.

दुरुस्तीनंतर १० मिनिटांत किती पेलेट उतरतात तें वजन करून वहींत लिहून ठेवावें. पुढें तो आंकडा घटूं लागला कीं तुंबण्याची सूचना आधींच मिळते. पेलेट चाळणीनें चाळून, झांकणाच्या पिंपांत ठेवावे. ओल शेंकडा १० पेक्षां अधिक असलेला माल घेऊं नये. मृगापूर्वीं, आणि भट्टी कांहीं दिवस बंद राहणार असेल तेव्हां, चाडें व नळी रिकामी करावी.

एवढ्यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं दोष बहुधा यंत्रापेक्षां इंधनाचा असतो, आणि त्या इंधनाचें मूळ आपल्याच शेतांत आहे. मुळांसकट उपटलेली पऱ्हाटी माती न झटकतां गाडींत भरली तर वजन वाढतें खरें. पण तीच माती पेलेटमधून मळसूत्र झिजविते, राख वाढविते व गिऱ्हाईक घालविते. यासाठीं पऱ्हाटी वाळवून, झटकून व वेळेवर द्यावी. गांवच्या चार-सहा कास्तकारांनीं मिळून असा स्वच्छ माल वेगळा ठेविला, तर पेलेट करणाऱ्यापाशीं भाव बोलतांनाही त्यांची बाजू बळकट राहील.