आग किती मेगावॉटची?

एक मेणबत्ती सुमारे ८० वॉट उष्णता देते. फोमचा सोफा पूर्ण पेटला की हाच आकडा २ मेगावॉटच्या घरात जातो, म्हणजे एका खोलीत २५ हजार मेणबत्त्या! धूर किती होणार, तो बाहेर फेकायला पंखे केवढे हवेत, जिने किती वेळ वापरता येतील, हे सगळं याच आकड्यावर ठरतं. म्हणून केवळ नियमावलीतल्या मापांवर न विसंबता इमारतीची सुरक्षितता गणिताने तपासणारे अभियंते आधी ‘इथली आग किती मोठी धरायची?’ हे ठरवतात.

डोकं चक्रावतं ते आगीच्या वाढीने. सुरुवातीची आग वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असं गणितात धरतात. वेळ दुप्पट झाली की आग चौपट. वाढीच्या चार श्रेणी आहेत : मंद, मध्यम, वेगवान आणि अतिवेगवान. सुमारे १ मेगावॉट गाठायला त्यांना अनुक्रमे ६००, ३००, १५० आणि ७५ सेकंद लागतात. पाचव्या मिनिटाला मंद आग असते २६४ किलोवॉटची, तर अतिवेगवान आग जवळपास १७ मेगावॉटची. फरक ६४ पट!

बंद खोलीत मात्र या वाढीला हवेची मर्यादा पडते. लाकूड असो वा प्लास्टिक, ज्वलनात १ किलो ऑक्सिजन खर्ची पडला की साधारण १३ मेगाज्यूल उष्णता निघते. त्यामुळे ०.९ बाय २.१ मीटरच्या एकाच उघड्या दारातून येणाऱ्या हवेवर खोलीत ४ मेगावॉटच्या आसपासच आग तगते. उरलेला जळाऊ वायू बाहेर पडतो आणि कॉरिडॉरमध्ये पेटतो.

२००३मध्ये नॉर्वेतल्या रूनेहामार बोगद्यात चाचणीसाठी लाकडी पॅलेट आणि प्लास्टिकचा ट्रकभर माल पेटवला. आग २०२ मेगावॉटपर्यंत गेली. म्हणजे २५ लाख मेणबत्त्या! असाच माल गोदामांतही छतापर्यंत रचलेला असतो.

वेगवान आगीवर १५०व्या सेकंदाला स्प्रिंकलर सुरू झाला, तर ती १ मेगावॉटवरच रोखली गेली असं गणितात धरता येतं. स्प्रिंकलर नसेल आणि जळायला माल व हवा पुरेशी असेल, तर दहाव्या मिनिटाला तीच आग १७ मेगावॉटची होते.

म्हणून ऑफिसच्या जागेत गोदाम थाटलं किंवा स्प्रिंकलरचं पाणी बंद ठेवलं, तर जुनं गणित रद्द समजा. जागेचा वापर बदलण्याआधी ते नव्याने करून घ्या.