तिसऱ्या पावसाळ्यानंतरचं मत

सुरुवात फवारणी पंपाच्या बॅटरीपासून करतो, कारण या विषयातलं जे थोडं कळतं ते तिच्यामुळेच कळलं. खोक्यावर छापलं होतं : सोळा लिटर, बारा व्होल्ट, एका चार्जिंगमध्ये वीस टाक्या. पहिला हंगाम तसाच गेला. पुढे टाक्या बारावर आल्या, मग आठवर. दुसऱ्या वर्षी पौषात कांद्यावर फुलकिडे पडले, तेव्हा पाचव्या टाकीलाच पंप धापा टाकायला लागला.

लासलगावला लिलावाच्या रांगेत ट्रॉली लावून उभा होतो. पुढच्या ट्रॉलीवर विंचूरकडचे एक बाबा बसले होते, त्यांना हे गाऱ्हाणं ऐकवलं. त्यांनी कंपनी विचारली नाही, किंमतही नाही. एवढंच म्हणाले, "फवारा झाला की त्याच रात्री चार्जिंगला लावता, का पुढच्या फवाऱ्याच्या आदल्या दिवशी?" मी गप्प. "मग ती आपल्या मरणाने नाही मेली. तुम्ही उपाशी मारली."

बाबांचं म्हणणं रसायनशास्त्राला धरूनच होतं. या पंपांत बहुधा लेड-ॲसिड बॅटरी असते. ती रिकामी पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. बाबांना स्फटिक वगैरे माहीत नव्हतं. आपल्या दोन बॅटऱ्या कशा गेल्या हे मात्र त्यांनी महिनावार सांगितलं, आणि माझ्या खोक्यातल्या कागदावर नेमकं तेच नव्हतं.

लासलगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला कांद्याचा भाव आठवतो. इथली बाजार समिती १९४७ सालची, आणि कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिचं नाव घेतात. पण या बाजारात भावाइतकीच मतांचीही उलाढाल होते. निफाड, येवला, चांदवडकडून आलेली माणसं तासन् तास रांगेत असतात. कालचा बाजार किती निघाला हे दहा मिनिटांत बोलून होतं. मग विषय निघतो तो पंपाचा, ठिबकच्या नळीचा, रोटाव्हेटरच्या पात्यांचा, कांदा साठवायच्या चाळीच्या पत्र्याचा. यातला कुणी तज्ज्ञ नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू वापरून तिच्यावर बोलणारे हे सगळे हौशी परीक्षक.

माल पारखायची सवय इथल्या हवेतच आहे. व्यापारी ट्रॉलीत हात घालतो, दोन कांदे वर काढतो, अंगठ्याने मान दाबतो, पत्तीचा रंग बघतो. गोल्टी किती, जोड किती, काजळी आहे का, हे त्याला क्षणात दिसतं. तरीही ट्रॉली खळ्यावर रिकामी होताना खालचा माल वरच्यासारखा निघाला नाही तर भांडण होतं. त्याला इथे 'वांधा' म्हणतात, आणि वांधे मिटवायची रीतसर सोय असते. वरच्या थरावरून मत बनवू नये, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. यंत्र घ्यायला गेल्यावर मात्र तोच माणूस वरचा थर बघून पैसे मोजतो : रंग, माहितीपत्रक, दुकानासमोरचं प्रात्यक्षिक. यंत्राची ट्रॉली पुरती उलटायला तीन पावसाळे जावे लागतात.

सरकारी चाचण्या नाहीत असं नाही. मध्य प्रदेशात नर्मदेकाठच्या बुदनीला १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था आहे. ट्रॅक्टरची ओढ, पीटीओवरची ताकद, डिझेलचा खप, ब्रेक हे सगळं तिथे मापाने तपासतात. अनुदानावर यंत्र विकायचं तर असा चाचणी अहवाल लागतो. हे अहवाल कंटाळवाणे असतात आणि विश्वासाचे असतात. पण त्यातलं यंत्र नवं असतं, चालवणारा शिकलेला असतो आणि तास ठरलेले असतात. तिसऱ्या वर्षी मनमाडला सुटा भाग मिळतो का, की त्यासाठी नाशिक गाठावं लागतं, हे अहवालात कसं येणार?

गंमत अशी की मापाने चाचणी करायची ही पद्धत रुजवण्यातही एका फसलेल्या गिऱ्हाइकाचा हात आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने फोर्ड नावाचा ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्डचा त्या कंपनीशी काहीही संबंध नव्हता. फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरून मिनियापोलिसच्या कंपनीने ते नाव लावलं होतं. ट्रॅक्टर चालेना. पुढे क्रोझियर राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९१९ मध्ये त्यांनी कायदा करवून घेतला : विद्यापीठाने तपासल्याशिवाय ट्रॅक्टरचं कोणतंही मॉडेल राज्यात विकायचं नाही. १९२० मध्ये लिंकन शहरात चाचण्या सुरू झाल्या आणि त्यांचे आकडे जगभर वाचले जाऊ लागले.

आपल्याकडचा अनुभव उलट दिशेचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा वस्तू चांगली आणि मत वाईट अशी स्थिती होती. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. न वापरता दिलेलं मत किती महाग पडू शकतं, याचं इतकं लख्ख उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पण खरी कसोटी लागते ती कांदा चाळीपाशी. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि भावाची वाट बघत दिवाळीच्या आसपासपर्यंत चाळीत राहतो. चार-पाच महिन्यांत वजनातली घट, सड आणि कोंब मिळून तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत माल जातो. चाळ कशी बांधावी याच्या शिफारशी आहेत. राजगुरुनगरला कांदा-लसणाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, नाशिकजवळ चितेगाव फाट्यावर राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठानाचं केंद्र आहे. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, थराची रुंदी आणि उंची चार-पाच फुटांच्या आत, छपराला पुढे आलेली वळचण. एक पाखी म्हणजे एका ओळीची चाळ दक्षिणोत्तर, दोन पाखी पूर्व-पश्चिम. कागदावर चाळ इतकी सोपी आहे.

प्रत्यक्षात एकाने तळ फूटभरच उचलला, कारण पाट्या डोक्यावर घेऊन बायांना वर चढावं लागू नये. श्रावणात त्याचा खालचा थर पाझरायला लागला. दुसऱ्याची चाळ अगदी मापात, पण वाऱ्याच्या बाजूला त्याचाच ऊस उभा. हवा शिरणार कुठून? तिसऱ्याने कौलांऐवजी पत्रा घातला आणि मे महिन्यात वरचा थर उकडून काढला. ही तिन्ही मतं मी रांगेतच ऐकली. शिफारशींचं पत्रक मला आधीच पाठ होतं, तरी त्यातलं काय मोडलं की नेमकं काय होतं हे या तिघांकडून कळलं.

आता उलट बाजू. आमच्या शिवारातले एक अण्णा आपल्या लोखंडी जाळीच्या चाळीचं दोन वर्षं कौतुक करत होते. बांबू काढला आणि सड थांबली म्हणायचे. ऐकून चौघांनी कर्ज काढून जाळी घातली. त्यातल्या दोघांची सड होती तेवढीच राहिली. मग कुणीतरी अण्णांना बसवून सगळं विचारून घेतलं. ज्या वर्षी जाळी आली, त्याच वर्षी त्यांनी लागवडीच्या दोन महिन्यांनंतर युरिया टाकणं बंद केलं होतं, काढणीआधी पाणी वेळेवर तोडलं होतं आणि कांदा पातीसकट शेतात सुकवून मगच माना कापल्या होत्या. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड राहते, आणि जाड मानेचा कांदा कुठल्याच चाळीत टिकत नाही. जाळीने काही फायदा केलाही असेल. पण अण्णा ज्याचं कौतुक करत होते त्यातलं निम्मं युरियाच्या न फोडलेल्या गोणीचं होतं. ते खोटं बोलत नव्हते, हीच तर अडचण.

म्हणून मी आता 'चांगलं आहे' किंवा 'भंगार आहे' हे ऐकून घेतो आणि सोडून देतो. जमीन काळी की मुरमाड, विहिरीला पाणी कधीपर्यंत, हे यंत्र येण्याआधी काय वापरत होता आणि त्याच वर्षी आणखी काय बदललं, एवढं सांगणारा माणूस भेटला की त्याला चहा पाजतो. पैसे कुणाचे होते हेही विचारतो. प्रात्यक्षिकासाठी फुकट मिळालेल्या यंत्राला नावं ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेला माणूसही पहिल्या वर्षी कौतुकच करतो, कारण लाखभर घालवल्यावर घरात ते कबूल करायला धीर लागतो. आणि ज्यांची वस्तू पहिल्याच हंगामात गोठ्यात जाऊन पडली, ते रांगेत बोलतच नाहीत. वाईट मतं कमी ऐकू येतात याचा अर्थ वाईट वस्तू कमी आहेत असा घेऊ नये.

तज्ज्ञ आणि वापरणारा यांचे प्रश्नच वेगळे असू शकतात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला 'कृषक' हा विकिरण प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला. कांद्याला गॅमा किरणांची ठरावीक हलकी मात्रा दिली की कोंब येत नाहीत, हे शास्त्र पक्कं आहे. पण शेतकऱ्याचं नुकसान एकट्या कोंबाने होत नाही. सड आणि वजनातली घट किरणांनी थांबत नाही. ट्रॉली भरून तिथे नेणं-आणणं आणि पुन्हा साठवणं हा खर्च वेगळाच. रांगेतला प्रश्न साधा होता : शंभर क्विंटल नेले तर किती परत विकायला येतील? २००७ मध्ये अमेरिकेला आंबे पुन्हा जाऊ लागले ते याच प्रकल्पातून विकिरण होऊन. कांद्यासाठी उभारलेल्या यंत्राचं नाव आंब्याने झालं.

लासलगावच्याच कल्याणी शिंदे यांनी घडवलेलं 'गोदाम सेन्स' हे उपकरण रांगेतल्या त्या प्रश्नाच्या जास्त जवळचं वाटतं. चाळीतलं तापमान, आर्द्रता आणि सडणाऱ्या कांद्यातून निघणारे वायू टिपून ते वेळीच सूचना देतं. बाहेरून चाळ ठीक दिसत असताना आत कुठे सड लागली हे वासानेच कळतं आणि तो वास येईपर्यंत फार उशीर होतो, हे कांद्याच्या घरातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सांगवी भुसारचे पंढरीनाथ मोरे यांनी ट्रॅक्टरने ओढायचं कांदा लागवड यंत्र बनवलं, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्याची दखल घेतली. तेही असंच आतून आलेलं काम. वापरणाऱ्याचं गाऱ्हाणं पुढे गेलं की कधी कधी असं यंत्र होऊन परत येतं.

यंदा पुन्हा रांगेत होतो. मागच्या पिकअपवरच्या एका पोराने मोबाईलवर पंपाचा फोटो दाखवला आणि विचारलं, "दादा, हा घेऊ का?" तोच पंप होता, नव्या रंगात. मी म्हटलं, "आधी सांग, तुमच्या मळ्यात थ्री फेज रात्रीची असते का दिवसाची? आणि घरात सिंगल फेज किती वेळ टिकते?" तो माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि मला ट्रॅक्टर चालू करावा लागला.