बिघाडावर नफा नको

भोर-वेल्ह्याची मुले सुट्टीत पुण्याकडे गो-कार्टिंगला जातात. मधेच एखाद्याची कार्ट बंद पडली, की वाद घरापर्यंत येतो. भाड्याच्या कार्टची साखळी निसटली, तर तो चालविणाऱ्याचा दोष नव्हे. म्हणून व्यवहाराप्रमाणे अटी आधीच ठरवाव्यात. पिवळा झेंडा दिसताच कोणी कोणास मागे टाकू नये. निम्म्या फेऱ्यांपूर्वी बिघाड झाल्यास दुसरी कार्ट देऊन शर्यत नव्याने घ्यावी. नंतर झाल्यास त्या वेळचा क्रमांक ग्राह्य धरावा.

१९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश जोडीच्या बर्फावरील घसरगाडीचा बोल्ट तुटला. प्रतिस्पर्धी इटलीच्या युजेनिओ मॉन्टी यांनी आपल्या गाडीचा बोल्ट काढून दिला. ब्रिटिशांना सुवर्णपदक मिळाले, मॉन्टींना कांस्य. पदक गेले, पत मात्र आजही शाबूत आहे.